आत्म्याला भूक लागते

विदर्भात आणि खानदेशात वावर म्हणजे शेत. एरवी वावर म्हणजे असणं-फिरणं. घरात मांजराचा वावर असतो, पडक्या वाड्यात भुताचा, गाभाऱ्यात देवाचा. शब्द संस्कृतातल्या 'व्यापारा'तून निघाला आणि प्राकृतात घासून गुळगुळीत होऊन आपल्याकडे आला. काहीतरी करत असणं, हालचाल चालू असणं, हा त्याचा जुना गाभा. आणि वावर हे पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातलं एक गाव आहे.

या आठवड्यात 'आत्मा' या शब्दावर लिहायचं ठरवलं होतं. कोश उघडला आणि पहिल्याच पावलाला वावर आडवं आलं. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी यास्काचार्यांनी निरुक्तात 'आत्मा' शब्द फोडून दाखवला, तेव्हा 'अत्' हा धातू पुढे केला. अत् म्हणजे सतत चालत राहणं. दुसरा पर्याय दिला 'आप्'चा, म्हणजे पोचणं, व्यापणं. थोडक्यात, यास्कांच्या लेखी आत्मा म्हणजे जो वावरतो तो. आजचे भाषाशास्त्रज्ञ वेगळी वाट धरतात. ते 'आत्मन्'ला जर्मन भाषेतल्या 'आटेम'च्या शेजारी बसवतात. आटेम म्हणजे श्वास. एकाने चालणं पाहिलं, दुसऱ्याने श्वास पाहिला. पण दोघांनीही जिवंत देहाकडेच पाहिलं. मेल्यानंतर जे काही उरतं म्हणतात, त्याच्याकडे हा शब्द मागाहून गेला.

वावर गावात १९९२ साली मुलांचं वावरणं थांबलं. वावर आणि शेजारचं वांगणी. जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, पालघर वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. १९९२-९३ च्या त्या काळात या परिसरातली शंभरावर मुलं कुपोषणाने गेली. मंत्रालयापासून हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. वावर-वांगणी हा जोडशब्द तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांत रुळला आणि आजही शेजारच्या मोखाडा तालुक्यात एखादं मूल गेलं की बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात तो येतोच.

त्या बातम्यांमधलं क्रियापद मला तेव्हापासून खटकतं. 'बालके दगावली.' मराठीत पुढाऱ्याची प्राणज्योत मालवते, महाराज देह ठेवतात, साहित्यिक अनंतात विलीन होतो, उद्योगपतीचं निधन होतं. गुरं दगावतात. कोंबड्या दगावतात. आणि आदिवासींची मुलं दगावतात. शब्दाच्या पोटात 'दगा' आहे, फारसीतून आलेला, म्हणजे विश्वासघात. दगा दिला कोणी, हा प्रश्न त्या क्रियापदातच लिहिलेला आहे आणि आपण तो रोज वाचून पुढच्या पानाकडे वळतो.

मरताना जे जातं म्हणतात त्याला मराठीत दोन शब्द आहेत, आणि सगळा घोळ त्या दोघांच्या मधल्या दरीत आहे. एक आत्मा, दुसरा जीव. आत्मा कापता येत नाही, जाळता येत नाही, त्याला जन्म नाही, मरण नाही, असं आपण कीर्तनात ऐकून ऐकून पाठ केलं. जिवाचं तसं नाही. जीव टांगणीला लागतो, भांड्यात पडतो, खालीवर होतो, कासावीस होतो, मेटाकुटीला येतो. जीव लावता येतो. आत्मा कोणी कोणाला लावल्याचं ऐकिवात नाही. तान्ह्या मुलाला आजी 'एवढासा जीव' म्हणते. वसईकडचे आपले ख्रिस्ती शेजारी जे मराठी बायबल वाचतात, त्यात पवित्र आत्मा आहे, पण इंग्रजीत जिथे 'सोल' येतो तिथे मराठी भाषांतरकारांनी पुष्कळदा 'जीव' लिहिलं. त्यांना भाषा कळत होती. हा 'जीव' मोठ्या घराण्यातला आहे. लॅटिनमधला 'व्हिव्हुस' त्याचा भाऊ, आणि इंग्रजीतला 'क्विक' हा शब्दही त्याच मुळाचा. त्याचाही पहिला अर्थ जिवंत असा होता, चपळ हा अर्थ मागून आला. खुद्द 'सोल'चं मूळ मात्र अजून वादात आहे. जुन्या जर्मानिक भाषांपर्यंत तो नेता येतो, काहींनी त्याचं नातं समुद्राशी जोडून पाहिलं, पण सगळ्यांना ते पटलेलं नाही.

आपण काय केलं? आत्मा स्वतःकडे ठेवला आणि जीव गरिबांकडे सोडून दिला. शहरातल्या सभागृहात आत्म्यावर व्याख्यानमाला होते. त्याच वेळी पाड्यावरची अंगणवाडी सेविका मुलाच्या दंडाला पट्टी गुंडाळून घेर पाहत असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर पट्टीवर लाल रंग. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आत्मविद्येचा एक मोठा ग्रंथ उघडून वाचलेला नाही.

छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय. आत्म्याबद्दलचं ते प्रसिद्ध महावाक्य, 'तत्त्वमसि', जे आपण दिवाणखान्याच्या भिंतीवर लावतो, ते या अध्यायात आहे. उद्दालक आरुणी ते आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो. बारा वर्षं गुरुगृही राहून सगळे वेद शिकून, ताठ मानेने घरी परतलेला चोवीस वर्षांचा मुलगा. पण महावाक्य सांगण्याच्या आधी बाप त्याला एक गोष्ट करायला लावतो, आणि ती कोणी भिंतीवर लावत नाही. तो म्हणतो, पंधरा दिवस जेवू नकोस. पाणी हवं तेवढं पी, पाण्यावर प्राण टिकेल. मुलगा पंधरा दिवस उपाशी राहतो. मग बापापुढे येऊन बसतो. बाप म्हणतो, आता ऋचा म्हण, यजू म्हण, सामं म्हण. मुलाला काहीच आठवत नाही.

बारा वर्षं शिकलेलं, पंधरा दिवसांत गेलं.

उद्दालक त्याला समजावतो: मोठा जाळ विझावा आणि काजव्याएवढा एकच निखारा उरावा, तशी तुझ्या सोळा कलांमधली एकच उरली आहे. जा, जेव. मुलगा जेवतो, परत येतो, आणि बाप विचारेल ते सगळं त्याला येतं. त्या निखाऱ्यावर गवताच्या काड्या घातल्या की तो पुन्हा पेटतो, बाप सांगतो. मन अन्नाचं बनलेलं आहे. हा धडा झाल्यावर ते महावाक्य येतं. आधी नाही. तैत्तिरीय उपनिषदातही पाच कोश मोजताना पहिला कोश अन्नमय धरला आहे, प्राण त्याच्या आत, मन त्याहून आत. ज्यांनी आत्मा हा विषय जगापुढे ठेवला त्यांनी तो अन्नाच्या दारातून आत नेला. अन्नाची पायरी वगळून आत्मा सांगणाऱ्यांकडे या ग्रंथांचा आधार नाही.

काजव्याएवढा निखारा ही उपमा मला वाङ्मयीन वाटेनाशी झाली, कारण अति कुपोषित मुलाचा उपचार तंतोतंत तसाच असतो. अशा मुलाला पहिल्या दिवशी पोटभर देता येत नाही. एकदम भरपूर दिलं तर ते शरीराला झेपत नाही, जीव जाऊ शकतो. आधी पाहायचं की रक्तातली साखर उतरू नये आणि अंग गार पडू नये. मग दूध, साखर, तेल यांचं हलकं पातळ खाणं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडं थोडं. काडी काडी. काही दिवसांनी भूक परत येते, तेव्हा प्रमाण वाढवायचं. पोषण पुनर्वसन केंद्रात याला साधारण पंधरवडा लागतो. श्वेतकेतूचेही पंधराच दिवस होते.

हा पंधरवडा आईला परवडत नाही, तिथे गाडं अडतं. घरी दुसरी दोन मुलं, लावणी तोंडावर, मजुरी बुडणार. सरकार बुडीत मजुरी देतं, तेवढ्याने घर थांबत नाही. मूल थोडं सावरलं की आई त्याला घेऊन निघून जाते. तिच्यावर निष्काळजीपणाचा शिक्का मारणाऱ्यांची मला चीड येते. एका जिवासाठी बाकीच्या जिवांना किती दिवस सोडायचं, असला हिशेब तुमच्या-माझ्यापुढे कधी आलेला नाही.

बोलीभाषेला हे सगळं न शिकता ठाऊक आहे. चांगलं जेवण झालं की मराठी माणूस पोटावरून हात फिरवत म्हणतो, आत्माराम थंड झाला. समर्थ रामदासांच्या एका ग्रंथाचं नावही आत्माराम, आणि जेवून तृप्त होणाऱ्या पोटाचं नावही आत्माराम. आमच्या भाषेने आत्म्याचं घर पोटाला लागून बांधलं. वारली आदिवासींनी तर धान्यालाच देवी केलं. कणसरी ही त्यांची धान्याची माता. डोंगरउतारावर नागली आणि वरई पिकवणाऱ्या लोकांना अन्न आणि चैतन्य यांत फरक करावासा वाटला नाही, यात मला उद्दालकाच्या तोडीची समज दिसते.

श्वासाकडे वळतो, कारण जगातल्या अनेक भाषांनी आत्म्याला श्वासाच्या शब्दांतूनच उचललं. आपला 'प्राण' अन् या धातूचा, म्हणजे श्वास घेणं. 'अनिल' म्हणजे वारा त्याच धातूचा आणि लॅटिनमधला 'आनिमा'ही. ग्रीकांची 'प्सिखे' म्हणजे आधी फुंकर. अरबीत 'नफ्स' म्हणजे जीव आणि 'नफस' म्हणजे श्वास. 'रूह'चा शेजारी 'रीह', म्हणजे वारा. हिब्रूतली 'नेफेश' गळ्यातून निघते. ग्रीसपासून गंगेपर्यंत माणसांनी मरणाऱ्याच्या उशाशी बसून एकच गोष्ट पाहिली असणार: आत्ता वारा येत-जात होता, आता नाही. उपनिषदांत इंद्रियांचं भांडण आहे, श्रेष्ठ कोण म्हणून. वाचा वर्षभर निघून जाते, माणूस मुका होऊन जगतो. डोळे जातात, आंधळा होऊन जगतो. कान जातात, बहिरा होऊन जगतो. मनही जाऊन येतं. मग प्राण निघायला उठतो, आणि जातिवंत घोड्याने पायबंदाच्या खुंट्या उपटाव्यात तशी बाकीची सगळी इंद्रियं उपटली जाऊ लागतात. तेव्हा ती प्राणाला हात जोडतात, तू जाऊ नकोस.

जव्हार-मोखाड्याला हा वारा वेगळा शिकवावा लागत नाही. भगत घुमू लागला की त्याला वारं आलं म्हणतात. मोखाड्याच्या बोहाडा उत्सवात रात्रभर देवांची सोंगं नाचतात आणि मुखवट्यामागच्या माणसाला लोक नमस्कार करतात. तारपा हे वाद्य तर निव्वळ श्वासाचं: दुध्याचा भोपळा, बांबू, ताडाचं पान, मेण. तो वाजवणारा वाजवताना श्वास तोडत नाही, नाकाने घेत असतो आणि गालातली हवा वाद्यात सोडत असतो, म्हणून नाचाचा फेर तुटत नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना त्यासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. या मुलखाने देशाला श्वास न तोडण्याची कला दिली. त्याच मुलखातल्या लहान मुलाचा श्वास पावसाळ्यात तुटतो.

तो कसा तुटतो, हे सांगायला हवं. कुपोषित मूल सहसा थेट भुकेने मरत नाही. अंगात झुंजायला काही उरलेलं नसतं, मग न्यूमोनिया किंवा जुलाब त्याला नेतात. अति कुपोषित मुलाला कधीकधी तापही चढत नाही, ताप यायलाही शरीरात बळ लागतं. अशा वेळी एकच खूण हाताशी राहते, श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्या मुलाचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा जास्त श्वास झाले की धोका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दायांसाठी एक साधन बनवलं. मिनिटभराची वाळूची घडी आणि ओवलेले मणी. मुलाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याशी पोचलो तर न्यूमोनिया, औषध सुरू. मणी ओढून आत्म्यापर्यंत जाता येतं असं आपली परंपरा सांगते. माझ्या मते मराठी मुलखात ओढलेले सर्वांत पवित्र मणी हे आहेत.

मराठीत गरोदर बाईला 'दोन जिवांची' म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे. कुपोषण तिथेच सुरू होतं: कोवळ्या वयात लग्न, अंगात रक्त नाही, दोघांचं जेवण सोडा, एकाचंही पुरेसं नाही, आणि भट्टीवर विटा वाहणं नवव्या महिन्यापर्यंत. दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात, माणसं भिवंडी, कल्याण, वसईच्या वीटभट्ट्यांकडे निघतात. त्याला ते 'जगायला जाणं' म्हणतात. घर सोडून जिथे जावं लागतं तिथे जगणं आहे, आणि घरी काय आहे, ते या शब्दात न बोलता आलं.

सरकारनेही नावं मोठी दिली. १९९५ ची नवसंजीवन योजना. संजीवन म्हणजे मेलेल्याला उठवणं, शुक्राचार्यांची विद्या. इथे गरज जिवंताला जिवंत ठेवण्याची होती. २०१५ ची अमृत आहार योजना, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची: आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस, ताजं, शिजवलेलं जेवण, पुढे मुलांना अंडी आणि केळी. ही योजना मला मनापासून आवडते. ती थेट दोन जिवांच्या ताटापाशी जाते. पण अमृत हे नाव घेतलं की ते एकही दिवस चुकवता येत नाही. निधी उशिरा आला, सेविकेने पदरमोड करून किती दिवस चूल पेटती ठेवायची? श्वेतकेतू पंधरा दिवसांत वेद विसरला. मूल पंधरा दिवसांत काय काय विसरत असेल?

२०१६ च्या पावसाळ्यात मोखाड्यातलं खोच हे गाव बातम्यांत आलं. वावर-वांगणीला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली. आणि नेहमीचा वाद सुरू झाला: हे मृत्यू कुपोषणाचे की आजाराचे? दरवेळी हेच होतं. यादी निघते, तिच्यात न्यूमोनिया असतो, जंतुसंसर्ग असतो, कमी दिवसांचं बाळ असतं, कमी वजन असतं, साप असतो, भाजणं असतं. भूक नसते. मग कोणीतरी ती यादी हातात धरून सांगतं की कुपोषणाने मृत्यू झालेलाच नाही. ही शब्दांची लबाडी आहे, आणि शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याने तिला लबाडी म्हटलंच पाहिजे. निखारा विझला तो वाऱ्याने विझला, हे खरं. तो काजव्याएवढा कसा झाला, हे कोण लिहिणार?

जव्हार आणि मोखाड्यातल्या प्रत्येक डॉक्टरला माझी विनंती आहे. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला तुम्ही भरता. त्यात पहिली ओळ तात्काळ कारणाची असते, तिथे न्यूमोनिया लिहा, तो खरा आहे. तिच्या खाली त्यामागचं मूळ कारण विचारलेलं असतं. तिथे मुलाचं वजन पाहून, दंडाचा घेर पाहून, जे दिसतं ते लिहा. त्यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. ती ओळ नमुन्यात आधीपासून छापलेली आहे.